राखेत ठेवलेलं स्ट्रॉबेरीचं बी

मी जे काही शिकलो ते मोठ्या मायमुळे. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर ढिवरांचं, गावतलावात आणि वैनगंगेत मासे धरून जगणारं. तिला मूलबाळ नाही. बारावीनंतर मी ब्रह्मपुरीला खोली करून राहिलो, तेव्हा दर बाजाराच्या दिवशी ती मासोळीची टोपली घेऊन जीपने यायची. बाजार उठला की माझ्या खोलीवर येऊन भात टाकायची आणि स्वतः उंबऱ्याबाहेर बसायची. "मासोळीच्या वासानं तुये दोस्त नाक मुरडत असन," म्हणायची. माझे दोस्त तिच्या हातचा रस्सा खायला आधीपासूनच ताट घेऊन बसलेले असत, ही गोष्ट वेगळी.

मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, त्या दिवशी तिनं मला विचारलं, "आता तुले झाडाचं सगळं समजते का?" मी "हो" म्हणालो. घरात पहिल्यांदाच कोणी पदवी घेतली होती. त्या दिवशी दुसरं उत्तर सुचणंच शक्य नव्हतं.

गावात तिची ओळख मात्र मासोळीवाली म्हणून नाही. ती बीवाली आहे. दिवाळीनंतर वैनगंगेचं पाणी उतरलं की वाळू उघडी पडते. त्या वाळूत खड्डे खणून, खत घालून आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या डांगराच्या वाड्या लावत आले आहेत. डांगर म्हणजे बाहेरचे लोक ज्याला खरबूज म्हणतात ते. वाडीतलं सगळ्यात गोड डांगर आमच्या घरात कोणी पोटभर खात नाही. मोठी माय त्याची एक फोड जिभेवर ठेवते, डोळे मिटते, आणि मान डोलावली तर त्या फळाचं बी राखेत घोळवून सावलीत वाळवते. मग ते तुंब्यात जातं. तुंबा म्हणजे आतून पोकळ केलेला वाळका भोपळा. तो आमच्या आढ्याला टांगलेला असतो. तिच्या सासूनं तो तिच्या हातात दिला होता, आणि सासूच्या सासूनं तिच्या.

हे बी विकायचं नसतं. मागेल त्याला द्यायचं. नेणाऱ्यानं आपल्या वाडीतलं पहिलं फळ आणून द्यायचं आणि देणारीनं ते त्याच्यासमोर चाखायचं, एवढाच व्यवहार. बी खरं होतं की भेसळीचं, हे त्या एका फोडीवर ठरतं. मोठ्या मायचं बी कधी भेसळीचं निघालं, असं मी ऐकलेलं नाही. तिचा सगळा मान त्या तुंब्यात आहे, असं म्हटलं तरी चालेल.

तिची एक मैत्रीण आहे. नदीपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला, जंगलातल्या गावात राहणारी, गोंड घरातली. तरुणपणी ती डांगराचं बी मागायला आली आणि तेव्हापासून येतच राहिली. येताना चारोळी आणायची, कधी मोहफुलं, कधी नुसत्याच गप्पा. दोघी एकमेकींना "मैतरीण" म्हणूनच हाक मारतात.

पदवीच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गाची सहल चिखलदऱ्याला गेली होती. तिथे एका मळ्यात मी पहिल्यांदा स्ट्रॉबेरीचं झाड पाहिलं. मळेवाल्यानं थोडी रोपं स्वस्तात दिली. ओल्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी ती बसने गावात आणली. चंद्रपूरच्या उन्हात ही टिकणार नाहीत हे मला माहीत होतं, पण आपल्याकडचा हिवाळा बरा असतो. मोठ्या मायनं तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या तुकड्यात ती लावली, खाली धानाची तणस अंथरली, आणि थंडी संपता संपता फळं आली. लाल, टपोरी, गोड. बचत गटातल्या बाया एकेक फळ हातात घेऊन उलटसुलट पाहत होत्या.

"याचं बी तं बाहेरच आहे वो," एक जण म्हणाली. "देवानं आत घालायचं इसरलं का?"

"तुया तोंडासारखं आहे," मोठी माय म्हणाली. "आतलं सगळं बाहेर."

बायांचं ठरलं. पुढच्या हिवाळ्यात सगळ्या जणी पाळीखाली स्ट्रॉबेरी लावणार आणि ब्रह्मपुरीच्या बाजारात मासोळीच्या बाजूलाच विकायला बसणार. रोपं कुठून आणायची, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. बीवाली घरातच होती.

त्यानंतर मी एम.एस्सी. करायला चंद्रपूरला गेलो. घरी काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं समजलं. फळं संपत आल्यावर झाडांना लांब दोऱ्यासारखे वेल फुटले. डांगराच्या वाडीत फळ न धरणारा शेंडा खुडायचा असतो, नाहीतर तो फळाचा रस ओढतो. मोठ्या मायनं त्याच हातानं स्ट्रॉबेरीचे सगळे वेल खुडले आणि शेळ्यांपुढे टाकले. मग सगळ्यात गोड झाड निवडलं, त्याची फळं पिकू दिली, वरचं बी नखानं सोडवलं, राखेत घोळवलं आणि वेगळ्या छोट्या तुंब्यात ठेवलं. उन्हाळ्यात जुनी झाडं जळून गेली. पाऊस सुरू झाल्यावर तिनं ते बी गटातल्या बायांना वाटलं आणि मैत्रिणीलाही दिलं. सगळ्यांनी रांजणाशेजारच्या सावलीत, फुटक्या मडक्यांत ते पेरलं.

दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा रोपं हिरवीगार होती. मला फार आनंद झाला. एक-दोन रोपांची पानं बारीक दिसली, एक फारच झुपकेदार होतं. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "एका घरचे लेकरं तरी कुठी एकासारखे असते?" मलाही ते पटलं. बी पेरलं की तेच उगवतं, हे मी तिच्याच अंगणात शिकलो होतो.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत, एका रविवारी मी घरी होतो. गटाची बैठक अंगणवाडीच्या ओसरीवर भरली होती. मोठ्या मायनं मला सोबत नेलं होतं, कारण तिला मिरवायला आवडतं. बैठक सुरू होऊन थोडा वेळ झाला तोच मैत्रीण आली. इतकं चालून आलेलं माणूस आधी पाणी मागतं. तिनं मागितलं नाही. पदराखालून पळसाच्या पानांचा दोना काढला आणि मोठ्या मायच्या पुढ्यात ठेवला.

"पयलं फळ आणलं," ती म्हणाली. "खाय."

दोन्यात जे होतं ते पाहून मी हबकलो. एक फळ बोराएवढं, पांढरट. एक वाकडंतिकडं, मूठ वळल्यासारखं. दोन-तीन तर फळं म्हणावी अशी नव्हतीच, नुसत्या बियांच्या गाठी. तळाशी एक लहान, काळपट लाल फळ होतं. ही स्ट्रॉबेरी आहे असं मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

मोठ्या मायनं पांढरट फळ उचललं आणि तोंडात घातलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण ती गिळेना.

"कशी आहे?" मैत्रिणीनं विचारलं.

"आंबट."

"माया घरी देवाले दाखवल्याबिगर नवं फळ कोणी तोंडात नाई घालत, तुले माहीत आहे. मी हे आमच्या पेनापुढी, देवापुढी ठेवलं. माया सासऱ्यानं खाल्लं आन्‌ थुकलं. मले म्हणे, कोणाचं बी आणलं? मी तुयं नाव घेतलं." तिचा आवाज चढला नव्हता. "आता तूच सांग, मी काऊन घेतलं तुयं नाव?"

मग ओसरीवरच्या दुसऱ्या बायाही बोलायला लागल्या. बैठकीत त्यांनी स्ट्रॉबेरीचं नाव का काढलं नव्हतं ते तेव्हा कळलं. एकीच्या झाडांना फूलच आलं नव्हतं. एकीच्या वाफ्यात एक झाड कंबर कसून वेलच वेल सोडत होतं, फळाचं नाव नाही. "मायावाली तं शेळीच्या लेंडीएवढी आहे," तिसरी म्हणाली, आणि मागून कोणीतरी हसलं. ते हसणं ऐकून मोठ्या मायनं मान वळवली. तिच्या बियाण्यावर कोणी हसण्याची ती पहिलीच वेळ होती.

"चाला पाळीखाली," ती उठली. "माया वाफ्यात पाहा. मी तेच बी लावलं."

सगळ्या जणी पाळीखाली गेल्या. तिथेही तसंच होतं. एकाला लागून एक झाड, आणि एकाचं फळ दुसऱ्यासारखं नाही. लाल, फिकट, लांबट, चपटं, पाणचट, तुरट. एकाच आईची ही लेकरं आहेत हे डोळ्यांना पटत नव्हतं. मला वाटलं, आता तरी मैत्रिणीचा राग उतरेल. पण तिनं सगळा वाफा नजरेखालून घातला आणि म्हणाली, "चांगलं बी कुठी ठेवलं मग?"

"कोणतं चांगलं?"

"मागच्या वर्षी मी याच जागी खाल्लं व्हतं, बाई. साखरेसारखं गोड. ते गेलं कुठी? एक तं तू लपवून ठेवलं, नाई तं तुया हातानं भेसळ केली. तिसरं काय असन, तूच सांग."

मैत्रीण पाणी न पिता गेली. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मला एवढंच सुचत होतं की हिला थांबवलं पाहिजे. पण काय सांगून थांबवायचं? मला झाडाचं सगळं समजतं, असं मी सांगून बसलो होतो, आणि मला काहीच समजलं नव्हतं.

घरी आल्यावर खरा धक्का बसला. मोठी माय पाटावर चढली आणि तिनं आढ्याचा तुंबा खाली काढला. छोटा नाही, मोठा. डांगराचा. तो कुशीत घेऊन ती भिंतीला टेकून बसली.

"होळी झाली की हा नदीत सोडते," ती म्हणाली.

"काऊन?" मी ओरडलोच. "डांगरानं काय केलं?"

"डांगरानं काई नाई केलं. माया हाताले दोष लागला. ज्या हातानं एक बी खोटं देल्लं, त्या हातचं दुसरं कोण खरं मानन? आन्‌ मीच कशी मानू?"

त्या वर्षी वरच्या धरणातून पाणी सुटत राहिलं होतं. वाळू उघडी पडलीच नाही आणि डांगराची वाडी लागलीच नाही. ज्या घरांना तिनं पूर्वी बी दिलं होतं त्यांचीही तीच गत होती. त्या डांगराचं जे काही बी या जगात उरलं होतं, त्यातलं बहुतेक तिच्या कुशीतल्या तुंब्यात होतं. तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरीही तिचं ठरलं होतं.

"तुया पुस्तकात काई आहे का याच्याबद्दल?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

मी म्हणालो, "पाहून सांगतो."

सोमवारी पहाटेची बस धरून मी चंद्रपूरला आलो आणि थेट आमच्या मॅडमकडे गेलो. त्या आम्हाला आनुवंशिकता शिकवतात. दोन्यातली उरलेली फळं मी डब्यात घालून आणली होती. मॅडमनी ती एका ओळीत मांडली आणि पहिला प्रश्न विचारला, "मूळ रोपं सगळी एकाच मळ्यातली, एकाच जातीची होती?"

"हो."

"आसपास दुसरी स्ट्रॉबेरी?"

"आमच्याकडे कुठून असणार, मॅडम?"

"मग यांची आईही तीच आणि बापही तीच."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मॅडमनी समजावलं. मळ्यात एका जातीची सगळी झाडं म्हणजे वेलावरून वाढवलेलं एकच झाड असतं, हजारो ठिकाणी उभं असलेलं. माझ्या पोत्यातली सगळी रोपं म्हणजे एकच झाड होतं. त्यांच्यातल्या एकाचा पराग दुसऱ्याला लागला काय आणि स्वतःचा स्वतःला लागला काय, फरक नाही.

"आई आणि बाप एकच, तरी लेकरं इतकी वेगळी?" मी विचारलं. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण प्रयोगशाळेतल्या मुली वळून पाहायला लागल्या.

मॅडमनी एक फळ भिंगाखाली ठेवलं आणि मला पाहायला लावलं. ज्याला आम्ही बी म्हणत होतो तो पिवळा ठिपका म्हणजेच झाडाच्या हिशेबानं एकेक फळ. लाल गर म्हणजे नुसता फुगलेला देठाचा शेंडा. प्रत्येक ठिपक्यात एक बी, आणि प्रत्येक बी वेगळ्या परागकणानं धरलेलं. एका स्ट्रॉबेरीवर अशी भावंडं दाटीवाटीनं बसलेली. मी बी.एस्सी. झालो होतो आणि हे मला त्या दिवशी दिसलं.

मग त्यांनी फळ्यावर रेघा काढल्या. माणसात गुणांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. मळ्यातल्या स्ट्रॉबेरीत त्या आठ असतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानटी जाती फार पूर्वी युरोपातल्या बागांत शेजारी लावल्या गेल्या, त्यांचा आपोआप संकर झाला, आणि त्यातून ही मोठी लाल स्ट्रॉबेरी आली. तेव्हापासून तिच्या पोटात कितीतरी वेगवेगळे गुण कोंबलेले आहेत. काही दिसतात, काही दडून असतात. बी धरताना आठातल्या चारच प्रती एकीकडून जातात आणि चार दुसरीकडून, आणि कोणत्या चार हे दर वेळी नव्यानं ठरतं. दोन्ही बाजूंना तेच झाड असलं की दडलेले कमजोर गुण समोरासमोर येतात आणि बाहेर पडतात. खुजी झाडं, वांझ फुलं, आंबट फळं.

"पण डांगराचं बी पेरलं की डांगरच येतं, मॅडम. तेच, तितकंच गोड."

"कारण तुमच्या घरच्या बायकांनी कित्येक पिढ्या वेगळी निघालेली फळं बाजूला काढली. वेगळं असणारं त्या बियाण्यात फारसं उरलंच नाही. स्ट्रॉबेरीचं तसं कोणी केलेलं नाही. तिला लोक बियाण्यानं पुढे नेतच नाहीत. वेलानं नेतात."

"वेलानं?"

"तो लांब दोरा फुटतो ना, त्याच्या टोकाला रोप धरतं. ते लेकरू नसतं. ते तेच झाड असतं, गुणानं तंतोतंत."

मी स्टुलावर बसलो. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शेळ्या आल्या. मोठी माय मूठ मूठ भरून त्यांच्यापुढे वेल टाकते आहे आणि शेळ्या मजेत चावताहेत. ज्या गोडव्यासाठी तिनं ते बी नखानं एकेक करून सोडवलं, तो सगळा गोडवा त्या मुठीत होता. तिनं काही चुकीचं केलं नव्हतं. डांगराच्या वाडीत तेच बरोबर होतं. शंभर वेळा बरोबर ठरलेला हात एकशे एकाव्या वेळी दुसऱ्याच झाडावर पडला होता.

डबा आवरताना शेवटचं, ते काळपट लाल फळ मॅडमनी नाकाशी धरलं आणि माझ्यापुढे केलं. मी वास घेतला आणि थबकलो. चिखलदऱ्याच्या मळ्यातही तसा वास नव्हता. आम्ही ते सुरीनं कापून अर्धं अर्धं खाल्लं. मॅडम म्हणाल्या, "या सगळ्या गोंधळातून कधीतरी एखादं असंही निघतं. हे झाड कोणाकडे आहे?"

मी दोना आठवला. मैत्रिणीकडे होतं.

संध्याकाळी मी घरी फोन केला. घाईघाईत आठ प्रती, चार प्रती, बाप, आई, वेल असं सगळं एका दमात सांगितलं. मोठ्या मायनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाबू, मले समजलं असं मी म्हणीन," ती म्हणाली, "पण तू माया आहेस. माया बाजूनंच बोलशीन. आन्‌ फोनवरचं बोलणं हवेत जाते. कागद धाड. अंगणवाडीची बाई चौघीत वाचन, मैतरणीले बलावून. मंग पाहू."

"आणि तुंबा?"

"होळी अजून आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पत्र लिहायला बसलो. पहिलं लिहिलं ते परीक्षेच्या उत्तरासारखं झालं, गुणसूत्रं आणि युग्मकं घातलेलं. ते वाचलं आणि मला मैत्रिणीचा चेहरा दिसला. फाडलं. दुसऱ्यांदा घरी बोलतो तसं लिहिलं. मॅडमना दाखवलं. त्यांनी एक वाक्य दुरुस्त केलं आणि बाकीचं तसंच राहू दिलं. आज ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून डांगराच्या तुंब्याच्या दोरीला बांधलेलं आहे. आढ्याखाली पाटावर उभं राहून मी ते उतरवून घेतलं, म्हणून जसंच्या तसं देता येतं.

मोठे माय,

पाया पडतो. हे वाचणाऱ्या बाईलेबी नमस्कार. बाई, मैतरीण आली नसन तं वाचू नोका, ती आल्यावरच वाचा.

मैतरीणमाय, तू मोठ्या मायले इचारलं व्हतं, चांगलं बी लपवलं का भेसळ केली, तिसरं काय असन. तिसरं आहे. मले बी ते आताच समजलं, आन्‌ समजलं तेव्हा मी स्टुलावरून उठलोच नाई.

डांगर आन्‌ हे लाल फळ, दोघायची रीत येगळी आहे. डांगराचं बी तुमी बायायनं पिढ्यान्‌पिढ्या निवडलं. वाकडं निघालं ते टाकलं, आंबट निघालं ते टाकलं. म्हून आज ते सरळ आहे. त्याच्या पोटात दुसरं फारसं काई उरलंच नाई. या फळाले तसं कोणी धुऊन काढलं नाई. त्याच्या पोटात लय जणायचे गुण कोंबले आहेत, गोड, आंबट, वांझ, बारीक. झाड गोड दिसते, पण बी धरते तेव्हा कोणत्या बियात काय जाईन हे कोणाच्याच हातात नाई. एका फळावरचे सगळे ठिपके म्हणजे एका घरचे भाऊबहीण, आन्‌ सगळे येगळे. त्याचं खरं बी कोणी ठेवूच शकत नाई. माया मॅडमबी नाई, ज्याच्या मळ्यातून मी रोपं आणले तो मळेवालाबी नाई. तोबी बी पेरत नाई. तो वेल लावते.

मोठे माय, तू शेळ्यायले जे वेल टाकले ते वांझ नोयते. त्या वेलाच्या टोकाले जे रोप धरते ते लेकरू नाई, तेच झाड असते, जसंच्या तसं. हे ऐकून तुले वाईट वाटन. पण तू डांगराच्या वाडीत जे केलं तेच इथी केलं, आन्‌ डांगराच्या वाडीत ते बरोबर आहे. तुया हाताले दोष नाई. मी तुया आहे म्हून नाई सांगत. मॅडमनं फळं भिंगाखाली पाहून सांगतलं. त्या तुले ओळखतबी नाई.

मैतरीणमाय, आता तुयं एक काम आहे. तू आणलेल्या दोन्यात तळाशी एक लहान काळंलाल फळ व्हतं. ते मी इथी खाल्लं. असं फळ मी आजपर्यंत खाल्लं नाई. मॅडमनंबी नाई. ते झाड तुया अंगणात आहे, दुसऱ्या कोणाकडेच नाई. ते शोध. दुसरं फळ धरलं असन तं ते पेनापुढी ठेव आन्‌ सासऱ्याले दे. उन्हायात त्या झाडाले रांजणाजवळ सावलीत ठेव, पाणी तुटू देऊ नोको. वेल फुटला की खुडू नोको. त्याचं टोक मातीच्या फुटक्या मडक्यात टेकव, वर खडा ठेव. मूळ धरेपर्यंत वेल कापू नोको. मूळ धरलं की कापून ते मडकं माया मोठ्या मायले आणून दे. या वेळी रोप तू देशीन आन्‌ ती घेईन. पयलं फळ तिनं तुया घरी आणून द्यायचं, आन्‌ तू तिच्यासमोर खायचं. रीत तीच, फक्त उलटी.

मोठे माय, तू मले इचारलं व्हतं, आता तुले झाडाचं सगळं समजते का. मी हो म्हणलो व्हतो. नाई समजत. पण जेवढं समजलं तेवढं तुया भातावर समजलं.

मी होळीच्या आधी येऊन राह्यलो. तुंबा खाली काढला असशीन तं आढ्याले परत बांध. वाळू उघडी पडली की डांगर लावायचं आहे.

तुया
बाबू